पेटंटवाल्या बाई

दिवाळीच्या शुभेच्छांचं एखादं चित्र बाईंना मोबाईलवर पाठवलं, तर उलट शुभेच्छा येत नसत; प्रश्न यायचा. "पणत्या छान आहेत. चित्र कुणी काढलंय? त्यांना विचारून पाठवलंत का?" पहिल्या वर्षी मला वाटलं, गंमत करतायत. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम आमच्या दारातल्या रांगोळीचा मी स्वतः काढलेला फोटो पाठवला. उत्तर आलं, "फोटो तुमचा, मान्य. रांगोळी कुणाची?" रांगोळी माझ्या जावेची होती आणि मी जावेला विचारलं नव्हतं. त्यानंतर मी दिवाळीला बाईंना नुसता फोन करायला लागले.

त्या शिकवत त्या लॉ कॉलेजच्या हजेरीपटावर त्यांचं नाव पदव्यांसकट दीड ओळ भरायचं, पण कोल्हापुरात त्या 'पेटंटवाल्या बाई' म्हणूनच ओळखल्या जात. शाहूपुरीत पंप-मोटारीच्या एका दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नसे. जिन्याशी सोडताना तो वर बजावायचा, "पावणं, कागद नीट बघून घेऊन जावा. बाई परत पाठवत्यात." त्याला स्वतःलाच बाईंनी दोनदा परत पाठवलं होतं. मेव्हण्याच्या चटणीच्या नावाची नोंदणी करायची होती त्याला, आणि ते नाव सांगलीच्या कुणाच्या तरी नावासारखं ऐकू येतं, असं बाईंचं म्हणणं होतं. पाटी रंगवून झाली होती. ती पुसायला लावली.

बौद्धिक संपदेचा कायदा हा त्यांचा विषय. माणसाच्या डोक्यातून निघालेल्या वस्तूवर, नावावर, लिखाणावर हक्क कुणाचा, हे ठरवणारा कायदा. पुढे घरोघरी संगणक आणि मोबाईल आले, तसा तंत्रज्ञानाचा कायदाही त्यांनी अंगावर घेतला, कारण जिल्ह्यात दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. बाई मूळच्या जयसिंगपूरच्या, जैन व्यापारी घरातल्या. आधी पदार्थविज्ञान शिकल्या, मग कायदा. मुंबईत मोठ्या ऑफिसात काही वर्षं पेटंटं लिहिण्यात त्यांचा हात बसला होता, आणि तिथं राहिल्या असत्या तर कुठच्या कुठे गेल्या असत्या, असं त्यांचे बंधू सगळ्यांना सांगत. वडिलांच्या आजारपणात परत आल्या त्या इथेच राहिल्या. इथे कोण पेटंट करणार, असं लोक म्हणायला लागले तेव्हा त्या चिडून म्हणाल्या होत्या, "का? इथं काय डोकी कमी आहेत?" चिडल्या की बाई अस्सल तिकडच्या होत. मग "मी बघतो", "मी करतो" असं बाप्यासारखं बोलणं सुरू व्हायचं. ते सुरू झालं की आम्ही ज्युनियर लोक फायली उचलून बाजूला सरकायचो.

मी त्यांची विद्यार्थिनी झाले ती काही विषयाच्या ओढीनं नव्हे. मी हातकणंगल्याहून रेल्वेनं यायचे आणि त्यांच्या तासाची वेळ माझ्या गाडीला जुळत होती. आमच्या वर्षी त्यांच्या वर्गात अकरा जण होते. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा अकराही जणांना 'वकीलसाहेब' म्हणायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. मुलींनाही वकीलसाहेबच. शिव्यासुद्धा अहो-जाहो करून द्यायच्या. "वकीलसाहेब, आपण हा पेपर झोपेत लिहिलात का?" असं भर वर्गात ऐकून घेण्यापेक्षा सरळ 'गाढव' म्हटलेलं परवडलं असतं.

त्यांच्यामुळे कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्यानं आमच्याशी बोलणं टाकलं होतं. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून घेणाऱ्या मुलांच्या रांगेत बाई जाऊन उभ्या राहिल्या आणि अभ्यासापुरती किती पानं चालतात, कुठे थांबायचं, यावर त्यांनी तिथेच अर्धा तास शिकवलं. रांग पांगली. झेरॉक्सवाला म्हणाला, "बाई, तुमी तासाला शिकवा की, हितं कशाला?" त्यावर बाई म्हणाल्या, "तासाला अकराच जण असतात. इथं गर्दी असते." आम्हाला मग पुस्तकासाठी राजारामपुरीपर्यंत चालत जावं लागायचं. शेवटी बाईंनी स्वतःची पुस्तकं वर्गात आणून ठेवली. त्यांवर पेन्सिलनंसुद्धा खूण करायची नाही, ही अट होती.

शिक्षण झाल्यावर मी नऊ वर्षं त्यांची ज्युनियर होते. या नऊ वर्षांतला निम्मा वेळ 'आणि' लिहायचं की 'किंवा', यात गेला. पेटंटच्या अर्जात आपला हक्क नेमका कशावर आहे ते एका वाक्यात मांडावं लागतं. ते वाक्य बाई मोठ्यानं वाचत, थांबत, पुन्हा वाचत. एका वाक्याचे अकरा मसुदे मी टाईप केलेत, आणि अकरावा मसुदा पहिल्यासारखाच होता. मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "हो. पण आता का, ते आपल्याला माहीत आहे." नवव्या वर्षाच्या शेवटी मी वैतागून वेगळी झाले आणि दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं ऑफिस थाटलं. भाडेकरार, खरेदीखतं, कंपन्यांचे साधे करार. वाक्य लिहायचं आणि पुढे जायचं. बाई रागावल्या नाहीत. उलट माणसं माझ्याकडे पाठवत राहिल्या आणि मागून फोन करून त्यांचं काम कुठवर आलं ते विचारत राहिल्या, म्हणजे माझी सुटका काही झाली नाही.

लॉकडाऊनमध्ये एका बाहेरगावच्या कंपनीनं त्यांच्याकडून मराठीतून पाठ रेकॉर्ड करून घेतले. छोट्या कारखानदारांसाठी, कारागिरांसाठी. पेटंट म्हणजे काय, नावाची नोंदणी कशी करायची, असे सोपे पाठ. बाईंनी ते स्वयंपाकघरात बसून केले, कारण रस्त्याचा आवाज तिथे कमी यायचा. मोबाईलवर ते पाठ गावोगावी ऐकले जायला लागले. बाजारात बाईंचा आवाज ओळखून लोक वळून बघायला लागले, तेव्हा त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. पण मनातून बरं वाटत असणार. आयुष्यभर अकरा जणांना शिकवलेलं माणूस ते.

दोनेक वर्षांनी मी एक फाईल परत द्यायला त्यांच्याकडे गेले होते. समोर महादेव लोहार बसले होते. आमच्या हातकणंगल्याकडच्याच एका खेड्यात त्यांचं वर्कशॉप. गुऱ्हाळावर उकळत्या रसानं भरलेली ती मोठी कढई, काहील, भट्टीच्या चुलवाणावरून साखळीनं उचलून उतरवतात. साखळी निसटली तर काय होतं ते लोहारांच्या घरानं पाहिलं होतं; त्यांच्या धाकट्या भावाचा पाय त्यातच भाजून कायमचा गेला. तेव्हापासून सहा वर्षं खपून त्यांनी काहील उतरवायचा एक गाडा केला होता. साखळी सुटली, तरी आतल्या एका खटक्यानं काहील आहे तिथेच अडकून राहते.

"बाई, शेती प्रदर्शनात गाडा लई गाजला," लोहार सांगत होते. "आता पेटंट करून टाका."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "प्रदर्शनात नेलात? अर्ज करायच्या आधी?"

"व्हय की. तुमीच सांगितलासा न्हवं, एक वर्स सवड असत्या म्हणून."

"मी? मी कधी सांगितलं?"

"मोबाईलमदी," लोहार म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढून पाठ लावला.

खोलीत बाईंचा आवाज आला. तोच स्वच्छ, थोडा कोरडा. 'आता लक्ष द्या. आपलं यंत्र प्रदर्शनात दाखवलं तरी घाबरायचं कारण नाही. त्यानंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला की झालं.'

बाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "'की झालं' असं मी कधी म्हणत नाही." ते खरं होतं. बाईंच्या तोंडी कुठलीच गोष्ट कधी 'झालं' म्हणून संपत नसे. आणि कायदाही तसा नव्हता. ती सवलत सरकारनं खास जाहीर केलेल्या प्रदर्शनांना वगैरे मिळते, गावच्या शेती प्रदर्शनाला नाही. तिथे यंत्र उघडं केलं की ते नवं राहत नाही, आणि नवं नसेल तर पेटंट नाही.

लोहार कधी फोनकडे, कधी बाईंकडे बघत होते. "मग ही कोण बोलत्या?" त्यांनी विचारलं.

कोण बोलत होतं, ते शोधायला आम्हाला आठवडा लागला. कंपनीनं बाईंचा आवाज संगणकाला शिकवला होता आणि त्या आवाजात नवे पाठ काढले होते. मजकूर कुणीतरी परदेशी माहितीवरून उतरवलेला होता आणि तपासायला कुणीच नव्हतं. बाईंनी स्वयंपाकघरात बसून केलेले पाठ चोवीस होते. मोबाईलवर त्यांच्या आवाजात आता साठाच्या वर होते.

"वकीलसाहेब," बाई मला म्हणाल्या, "माझं वकीलपत्र आपण घ्या." मी आनंदानं घेतलं. बाईंसारखा अशील असणं ही काय चीज असते, याची मला तोवर कल्पना नव्हती.

मी पहिली गोष्ट विचारली ती कंपनीबरोबरच्या कराराची. बाईंनी कपाट उघडलं, फाईल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. सातव्या पानावर साध्या शब्दांत लिहिलेलं होतं, की व्याख्यात्याच्या आवाजात बदल करून नवे पाठ तयार करायला व्याख्यात्याची संमती आहे. खाली बाईंची सही होती. मोबाईलच्या काचेवर बोटानं केलेली, वाकडीतिकडी.

"बाई, हे वाचलं नव्हतंत तुम्ही?"

"न्हाय."

ज्या बाईनं मला घरमालकाच्या पावतीची मागची बाजूसुद्धा वाचायला लावली, जिनं तीस वर्षं पोरांना न वाचता सही करू नका म्हणून छळलं, तिनं! मी जवळजवळ ओरडलेच.

"भाऊ दवाखान्यात होता," त्या म्हणाल्या. "ऑक्सिजनवर होता. बेडसाठी फोन चालले होते. मधेच यांचा कागद आला, केली सही." मग लगेच त्यांनी बोट उगारलं. "पण हे कारण दाव्यात लिहायचं नाही. कारण प्रत्येकाकडे असतंय."

तिथून आमचं भांडण सुरू झालं ते पुढचे कित्येक महिने चाललं. माझं म्हणणं, नोटिशीत संमतीच्या कागदाचा उल्लेखच करायचा नाही. कंपनीला काढू दे तो. बाईंचं म्हणणं, पहिल्याच पानावर लिहायचं. मी म्हणाले, "आपणच आपल्या विरुद्धचा पुरावा द्यायचा का?" त्या म्हणाल्या, "खरा आहे ना तो?" मी म्हणाले, "बाई, मी तुमची वकील आहे." त्या म्हणाल्या, "आणि मी तुमची शिक्षिका." मी नऊ मसुदे केले. प्रत्येक मसुदा लाल होऊन परत आला. एकात तर बाईंनी माझं शुद्धलेखन सुधारून समासात लिहिलं होतं, 'अशिलाने फी द्यावी की वकिलाने?'

लोहारांच्या अर्जाचं कामही त्यांनी सोडलं नव्हतं. लोहारांनी सुचवलं होतं, प्रदर्शनाचं बोलूच नये. "बाई, कुणाला कळणार हाय?" बाई म्हणाल्या, "मला कळलंय की." मग प्रदर्शनात तो गाडा पाहिलेली माणसं त्यांनी शोधून काढली आणि प्रत्येकाला एकच विचारलं, काय दिसलं? चाकं दिसली, साखळी दिसली, काहील उचलताना दिसली. आतला खटका कुणालाच दिसला नव्हता, कारण लोक बोटं घालतील म्हणून लोहारांनी खटक्याच्या डब्याला झाकण वेल्डिंगनं डागून टाकलं होतं. एकही गाडा विकलेला नव्हता. बाईंनी अर्जातून गाडा काढला, साखळी काढली, उचलायची पद्धत काढली. उरला तो झाकणाच्या आतला वीतभर खटका. तेवढ्यावरच हक्क मागितला आणि प्रदर्शनाची हकीकत अर्जात स्वतः लिहून टाकली. सहा वर्षांच्या कामातला एवढासा तुकडा हातात राहिलेला बघून लोहार जिना उतरून गेले. मला बाईंचा फार राग आला. बाई खिडकीतून ते रस्त्याच्या टोकाला जाईपर्यंत बघत उभ्या होत्या.

नोटीस मिळाल्यावर कंपनीचा वकील आला. तरुण, नम्र माणूस. त्याचं बोलणंही वाईट नव्हतं. बाईंना 'मुख्य मार्गदर्शक' करू, भरपूर मानधन देऊ, नवे पाठ आधी त्यांना दाखवू, आवाज मात्र तसाच चालू राहील. मी टेबलाखालून बाईंच्या पायाला पाय लावला. संमतीचा कागद आमच्या विरुद्ध होता, बाईंना धाप लागायला लागली होती, फुप्फुसाचं दुखणं निघालं होतं. घेऊन टाका आणि स्वस्थ बसा, असं मला वाटत होतं.

बाईंनी विचारलं, "चुकीचे पाठ किती जणांनी ऐकले?"

"ती माहिती गोपनीय आहे, मॅडम."

"त्यांतले किती जण आपली वस्तू घेऊन प्रदर्शनात गेले?"

तो फाईल चाळायला लागला. बाई म्हणाल्या, "पाठ काढून टाका. आणि ज्यांनी ज्यांनी ऐकले, त्या सगळ्यांना ते चूक होते म्हणून कळवा. बाकी मला काही नको." तो म्हणाला, कळवलं तर कंपनीची अब्रू जाईल. बाई म्हणाल्या, "मग कोर्टात भेटू." पावण्याला चहा मात्र पाजला. तो जिना उतरल्यावर मी डोक्याला हात लावून बसले. "बाई, कशाच्या जोरावर? सही आहे तुमची!"

"तुम्ही माझ्या तासाला होतात ना?" त्या म्हणाल्या. "मग आठवा, सादरकर्ता कोण."

आणि मला तो तास आठवला. कॉपीराइटच्या कायद्यात सादरकर्त्यांची एक यादी आहे. नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी, आणि त्यांच्याच ओळीत व्याख्यान देणारा. बाई वर्गात म्हणाल्या होत्या, "कायद्याच्या लेखी मी आणि गारुडी शेजारी शेजारी." आम्ही अकराही जण हसलो होतो आणि पुढचं ऐकायचं राहून गेलं होतं. पुढचं असं होतं, की सादरकर्त्यानं आपले हक्क दुसऱ्याला लिहून दिले, तरी त्याच्या सादरीकरणाची मोडतोड करून नाव खराब केलं, तर त्याला आक्षेप घेता येतो. सही केली तरी तो हक्क जात नाही. मी तीन दिवस बसून दावा लिहिला. बाईंनी पहिल्यांदाच तो फक्त दोनदा परत पाठवला.

सुनावणीच्या दिवशी कंपनीचा वकील ऐटीत उठला आणि त्यानं संमतीचा कागद उंच धरला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "हा तर वादीनं स्वतःच पहिल्या पानावर दिलाय," ते म्हणाले. "पुढे काय?" पुढचं त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. मागच्या बाकावर बाई बसल्या होत्या. मी वळून बघितलं. मान डोलावतील, हसतील असं वाटलं. त्या हातानं खूण करत होत्या, की माझा पदर जमिनीला लागतोय.

नव्या पाठांना तात्पुरती मनाई मिळाली. त्यानंतर कंपनीनं फार ताणलं नाही. पाठ काढायचे आणि दुरुस्ती सगळ्यांना पाठवायची, असं लेखी ठरलं. ते लेखी बाईंनी चार वेळा वाचलं. दुरुस्ती त्यांनीच, स्वतःच्या तोंडानं करायची, ही अटही त्यांचीच.

तोवर बाई जयसिंगपूरला भावाकडे राहायला गेल्या होत्या. नाकाला नळी होती. मी मोबाईल घेऊन समोर बसले. त्यांनी कागदावर लिहून ठेवलं होतं, पण कागदाकडे बघितलं नाही. दोनदा खोकला आला, एकदा बाहेर भाजीवाली ओरडली. चौथ्या वेळी नीट झालं. प्रदर्शनाबद्दलचा खरा नियम त्यांनी सावकाश, उदाहरण देऊन सांगितला. लोहारांचं नाव घेतलं नाही, कारण त्यांना विचारलेलं नव्हतं. आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्ही ऐकलेली चूक माझ्या आवाजात होती, पण ती मी केलेली नाही. मी केलेली चूक वेगळी आहे. मी न वाचता सही केली. त्यामुळे हे घडू शकलं. ज्यांचं नुकसान झालं त्यांची मी माफी मागते."

"बाई, हे शेवटचं काढूया," मी म्हणाले. "दाव्यात जिंकलोय आपण. कशाला आता?"

"राहू दे."

"उद्या पोरं हसतील. पेटंटवाल्या बाईंनी न वाचता सही केली म्हणून."

"हसू दे की. निदान वाचतील तरी." त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वकीलसाहेब, दमलो आता मी." चिडल्याशिवाय त्या कधी तसं बोलत नसत. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. त्यांच्या भावानं मला एसटी स्टँडवर सोडलं.

बाई त्यानंतर महिनाभर होत्या. गेल्याचं कळलं तेव्हा मी एका खरेदीखताच्या नोंदणीला बसले होते. काम पुरं करून निघाले, आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दिवशी मी माझ्यावर जेवढी चिडले, तेवढी नऊ वर्षांत बाईंवरही चिडले नव्हते.

लोहारांच्या पेटंटच्या अर्जाला नंतर हरकत आली; ती फाईल आता माझ्याकडे होती. गाडा बाजारात आणू पाहणाऱ्या एका मोठ्या कारखान्यानं प्रदर्शनातल्या गाड्याचे फोटो पुराव्याला लावले होते. आम्हाला नवीन काही सांगावं लागलं नाही. सगळं बाईंनी अर्जातच लिहून ठेवलेलं होतं, आणि फोटोत डब्याचं झाकण स्पष्ट बंद दिसत होतं. पेटंट मिळालं. कारखाना आता गाडे विकतो, त्याला कुणी अडवू शकत नाही. खटका मात्र लोहारांना विचारून, त्यांच्याच वर्कशॉपमधून घ्यावा लागतो. लोहार माझ्याकडे कागद बघायला आले तेव्हा त्यावर हात ठेवून बसले. "छाटून छाटून एवढंसंच ठेवलं बाईंनी," ते म्हणाले. "लई राग आलता मला. पर ताई, तेवढं मातर माझं हाय."

गेल्या जूनपासून कॉलेजात बाईंचा तास मी घेते. यंदा वर्गात सतरा जण आहेत. परवा शिकवताना पेटंटच्या मुदतीबद्दल मी एक गोष्ट घाईत अर्धवट सांगितली. स्कूटर दाभोळकर कॉर्नरला आली तेव्हा ते ध्यानात आलं. मागे वळले, पण वर्ग रिकामा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तासाला उभी राहिले आणि म्हणाले, "काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

सतरा वह्या बॅगांतून निघायच्या थांबल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "असू दे की मॅडम. ते काय परीक्षेला येत न्हाय."

मी फळा पुसला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, वही काढा."